तळपायाला कळलेला ठेका

थोरलीला ऐकू येत नाही, हे शिवणखात्यात सुपरवायझर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. उमेदीची सगळी वर्षं मशीनच्या खडखडाटात काढल्यावर कान शाबूत राहिले असते तरच नवल. पण बहिरीला कामावर ठेवायचं नाही असा तिथला नियम, आणि एकीचा पगार गेला तर घर लंगडं पडणार. म्हणून तिची धाकटी जाऊ शेजारच्या मशीनवर बसे. थोरलीला कुणी हाक मारली, की धाकटी लाकडी जमिनीवर टाच दोनदा आपटे. फळीतून ते तळपायाला कळे आणि थोरली वळे.

जेवणाच्या सुट्टीत मात्र थोरलीचंच राज्य. खात्यात बोलायला बंदी, गायला बंदी. नाचावर बंदी घालायचं कुणाला सुचलंच नव्हतं. सगळ्याजणी चपला काढून टाचांनी ठेका धरत आणि थोरली अशी नाचे, की बघणारीचा डबा तसाच राही. मेलीला अंगभर कान फुटलेत, असं काजवाली म्हणे.

शेवटी कुणीतरी चुगली केलीच. एका सकाळी सुपरवायझरने सगळी मशीनं बंद करायला लावली आणि थोरलीच्या पाठीमागे जाऊन हलकेच हाक मारली. धाकटीने पाय उचलला. टाच दोनदा आपटायची, एवढंच काम. पण घाबरल्या पायाने सुट्टीतला सवयीचा ठेका धरला, आणि मदत म्हणून मागच्या रांगांनीही तोच धरला.

थोरलीला वाटलं, सुट्टी झाली. ती हसत उठली आणि नाचू लागली. अर्धी गिरकी घेतली तर समोर सुपरवायझर. तिचा चेहरा असा उतरला, की धाकटीला स्वतःच्या पायाची चीड आली.

"उद्यापासून हिने यायचं नाही," सुपरवायझर म्हणाला.

धाकटी उठली. रडू येत होतं, तरी थोरलीची अर्धी राहिलेली गिरकी तिने पुरी केली. मग काजवाली उठली, इस्त्रीवाली उठली, सगळं खातंच उठलं. जमीन हलू लागली. त्याने एकेकीला हाका मारून पाहिल्या, पण एकीनेही मान वळवली नाही. शेवटी काजवालीनेच काय ते तोंड उघडलं.

"कुणाला बोलावताय साहेब? इथं कुणालाच ऐकू येत नाही."

संध्याकाळी माल न्यायला गाडी येणार होती, आणि साहेबाला सुईत दोराही ओवता येत नव्हता. सगळ्याजणी कामाला लागा, असं पुटपुटत तो निघून गेला. थोरली घाबरीघुबरी होऊन धाकटीच्या ओठांकडे बघत होती. मघाशी तो माझ्याबद्दल काय म्हणाला, असं तिने विचारलं.

धाकटीने तिचे दोन्ही हात धरले.

"मलाही नाही ऐकू आलं, जाऊबाई. बसा मशीनवर."