भत्त्याच्या कचेरीत जाणारा काळा कोट

मित्रांनो, दाराआडच्या खिळ्यावर लटकलेला काळा लोकरी कोट म्हणजे मी. आता फार जुना झालो आहे. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या या गावात माझ्यासारखा एक कोट घरोघरी असतो. मला असम्प्टाने पसंत केले. "चारचौघांत शोभेल," असे म्हणून तिने मला नवऱ्याच्या, फेलिमच्या, खांद्यावर चढवले.

रविवारी चर्चला आणि कोणी वारले की अंत्ययात्रेला मी जायचो. लोक माझी बाही चाचपून कापडाची तारीफ करत. मग एके दिवशी मी असम्प्टाच्याच शवपेटीमागून चाललो. त्या दिवशी सगळ्या गावाचे हात माझ्या खांद्यावर पडले. त्यानंतर मी खिळ्यावरच राहिलो. डेअरीतले काम सोडले, तर फेलिम रविवारीही घराबाहेर पडेना.

पुढच्या वर्षी त्याला पासष्ट वर्षे पूर्ण झाली आणि डेअरीने नियमाप्रमाणे त्याला घरी पाठवले. सरकारी पेन्शन मात्र सहासष्टाव्या वर्षी. मधल्या काळासाठी बेकारभत्ता होता, पण दर महिन्याला शहरातल्या कचेरीत जाऊन सही करावी लागे. लाजेने तो जाईना. शेगडीत जाळायला काही उरले नाही, तेव्हा निघाला. भिकारी दिसू नये म्हणून मला घातले. तिथेच चुकले. आठवड्याच्या मधल्या वारी काळा कोट घालून बसची वाट पाहणाऱ्या माणसाबद्दल आमच्याकडे एकच गोष्ट मनात येते.

थांब्यासमोर टेसीचे दुकान. ती दारातूनच ओरडली, "अरे फेलिम! कोण गेलं रे?"

तो गडबडला. "चुलतभाऊ. स्लायगो शहरातला."

पुढच्या महिन्यात त्याने चुलतभावाची बायको मारली. त्यानंतर मावशी.

"तुझ्या घराण्यात कोणी उरलंय की नाही?" टेसी म्हणाली. "एखाद्या वेळी मलाही ने की. अंत्यविधीनंतरचं चहा-सँडविच तरी मिळेल."

पण ती मनाने चांगली. एका संध्याकाळी ती मेलेल्याच्या नावाने करतात ते प्रार्थनेचे कार्ड घेऊन घरी आली. "चुलतभावाचं नाव सांग. फादरना त्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगते."

फेलिमला नाव सुचेना. "नंतर सांगतो," म्हणून त्याने वेळ मारून नेली. ती गेल्यावर तो मला म्हणाला, "बास. आता नाही जायचं." पुढच्या सहीच्या दिवशी तो थंड शेगडीसमोर बसून राहिला. सही चुकली, तर भत्ता बंद. बस यायच्या जरा आधी तो उठला आणि मला घातले.

"आज कोण?" टेसीने विचारले.

"कोणी नाही, टेसी. स्लायगोला माझं कोणीच नाही. असम्प्टा गेली, काम गेलं. मी भत्त्याची सही करायला जातोय."

टेसी रस्ता ओलांडून आली. "माझा नवराही सही करायला याच बसने जायचा रे. मी लोकांना सांगायचे, दाताच्या डॉक्टरकडे गेलाय. तोंडात एक दात नव्हता त्याच्या!"

फेलिम हसला. माझी बटणे हलली, कितीतरी दिवसांनी.

"ते कार्ड मी असम्प्टाच्या नावानं करते," ती म्हणाली आणि माझी कॉलर नीट केली.

मित्रांनो, आम्हा कोटांना वापराने काही होत नाही. खिळ्यावर ठेवले की कसर लागते. चांगला कोट फक्त मेलेल्यांसाठी राखू नका. आणि तो घालून कोणी उभा दिसला, तर कोण गेलं हे मागाहून विचारा. आधी विचारा, तू कसा आहेस.