फादरना कुणी सांगितलं?

कोट शिवणाऱ्या कारखान्याच्या मालकीणबाई रोज कामाआधी चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे सकाळच्या प्रार्थनाविधीला, जात. भिंतीलगतच्या बाकावर बसायचं, बायबलमधली वाचनं कानावरून जाऊ द्यायची आणि मनात दिवसभराच्या कामांची जुळवाजुळव करायची, हा त्यांचा जुना शिरस्ता. त्या आठवड्यात मात्र एकेक शब्द कानात रुतायला लागला.

सोमवारी गरिबाला कवडीमोल ठरवणाऱ्यांवर संतापलेला संदेष्टा. मंगळवारी न्यायासाठी न्यायाधीशाच्या मागे लागलेली विधवा. बुधवारी तर झाकलेलं सगळं एक दिवस उघडं पडणार, हे शुभवर्तमान. फादर तरुण, नुकतेच बदलून आलेले. ते वाचताना आपल्याकडेच बघतायत, असं बाईंना वाटलं. त्यांनी हळूच मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावरच्या दोघीतिघींनी नजर खाली घातली.

आदल्या आठवड्यात बाईंनी कापड बेतून कापणाऱ्या कटिंगवालीला कामावरून काढलं होतं. रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या काचेत एक कोट लागला होता आणि त्याची कॉलर हुबेहूब बाईंच्या कारखान्यातली होती. त्या कॉलरचा कागदी नमुना कटिंगवालीच्याच हातात असायचा. त्यात काउंटरवर बसणाऱ्या नणंदेनं कानात सांगितलं, की पलीकडच्या मालकिणीबरोबर तिला बसथांब्यावर बोलताना पाहिलं. बाईंना तेवढं पुरलं. त्यांनी चालू मशीनं थांबवायला लावली आणि सगळ्यांसमोर तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मी काय केलं, असं तिनं विचारलं, तर तुझं तुला ठाऊक, एवढंच उत्तर दिलं.

आता हे फादरच्या कानावर कुणीतरी घातलं होतं, यात बाईंना शंका उरली नाही. प्रश्न एवढाच, की कुणी? कटिंगवाली स्वतः गेली असेल, किंवा तिची मैत्रीण, बटणं लावणारी. बाई आत आल्या की बटणवाली बोलायची थांबते, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. नणंदसुद्धा हल्ली तिच्याबरोबर चहा पिते. घरी त्यांनी नवऱ्यालाही आडून आडून विचारलं. तो म्हणाला, फादर भेटले की चर्चच्या गळक्या छपराबद्दल बोलतात, दुसरं काही बोलूच देत नाहीत. बाईंना तेही सारवासारवीचं वाटलं.

गुरुवारी वाचन आलं ते द्राक्षमळ्याच्या मालकाचं. खोटा आळ घालून त्याचा जीव घेतला गेला. बाई तिथल्या तिथे पेटल्या. मिस्सा संपताच त्या वेदीमागच्या खोलीत गेल्या. फादर अंगावरचा झगा काढून घडी घालत होते.

"कटिंगवालीनं काय काय सांगितलंय तुम्हाला?"

"कोण कटिंगवाली?" फादरनी विचारलं.

"मग आठवडाभर माझ्यावर नेम धरून वाचताय ते कशाला?"

फादर घडी अर्धवट ठेवून म्हणाले, "बाई, वाचनं मी निवडत नाही. ती आधीपासून ठरलेली असतात. आज जिथे जिथे मिस्सा झाली, तिथे हेच वाचलं गेलं." मग घडी पुरी करत म्हणाले, "तुमच्याबद्दल मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. तुम्हीच सांगताय."

बाईंचा विश्वास बसला नाही. बाहेर पायरीवर उभं राहून त्यांनी दुसऱ्या गावातल्या धाकट्या बहिणीला फोन लावला. तीही रोज मिस्सेला जाणारी. आज काय वाचलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "त्या द्राक्षमळ्याचं. का गं, काय झालं?"

काही नाही म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि त्या पायरीवरच बसल्या. आठवडाभर त्यांनी बटणवालीला, नणंदेला, नवऱ्याला, फादरला, सगळ्यांना मनातल्या मनात दोषी ठरवलं होतं. आणि प्रत्येक वेळी खात्री तितकीच पक्की होती.

कारखान्यात येऊन त्यांनी नणंदेला बाजूला घेतलं. बसथांब्यावर नक्की काय ऐकलंस, असं विचारलं. नणंद गडबडली.

"ऐकलं काही नाही, वहिनी. हसत होत्या दोघी, एवढंच. तुम्ही आधीच तिच्यावर चिडला होतात, म्हणून मी सांगितलं."

संध्याकाळी बाई कटिंगवालीच्या घरी गेल्या. तिनं दार अर्धंच उघडलं आणि आता आणखी कसला आळ घालायचाय, म्हणून विचारलं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, की माझं चुकलं, माझ्याकडे कसलाच पुरावा नव्हता.

"माझ्या दारात येऊन कुजबुजताय होय?" ती म्हणाली. "काढलंत ते सगळ्यांसमोर. हेही तिथेच बोला." आणि दार लावून घेतलं.

रात्रभर बाईंना वाटत होतं, की ती मुद्दाम आपली शोभा करतेय. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनं थांबवायला लावली. कटिंगवाली निरोपाप्रमाणे आली होती, पण दारातच उभी राहिली. बाईंनी सांगायचं ते सांगितलं. कॉलरवरून संशय घेतला, पुराव्याशिवाय काढलं, चूक माझी, असं म्हणून तिला परत कामावर यायला सांगितलं.

बटणवालीनं विचारलं, "मग कॉलर तिकडे गेली कशी?"

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "ठाऊक नसतानाच मी हिला शिक्षा दिली."

मग कटिंगवाली म्हणाली, "सोमवारपासून येते. मधे एके ठिकाणी काम धरलंय, तेवढं पुरं करून देते."

"कुठे?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"समोरच," ती म्हणाली. "तुम्ही काढल्यावर त्यांनीच बोलावलं."

नणंदेनं चटकन बाईंकडे पाहिलं. बाईंचा जुना संशय पुन्हा जागा झाला. खरंच काढल्यावर बोलावलं, की त्याआधीच? ओठांवर आलेला प्रश्न त्यांनी गिळला. तो सहज गेला नाही.

"ये सोमवारी," त्या म्हणाल्या आणि मशीनं सुरू करायला सांगितलं.