राणीसरकारचं माप

सुतारआजोबांचं माप उभ्या जन्मात चुकलं नव्हतं. चुकलं ते एका मांजरीपायी.

राणीसरकार चौदा वर्षांची झाली, दूधसुद्धा नुसतं हुंगून सोडायला लागली, तेव्हाच आजोबा काय ते समजले. कामाच्या खोलीत, करवतींच्या खणात, ती अंगाची गुंडाळी करून झोपली असताना त्यांनी गुपचूप टेप लावली. सोळा इंच बाय चौदा. पेटी बनवून कपाटामागे लपवली आणि नातीला शब्द दिला, "वेळ आली, की तिला अगदी ऐसपैस झोपवू."

पण रविवारी राणीसरकार गेली ती अंगणातल्या उन्हात, पाय पुढे-मागे ताणून. कोणी पाहीपर्यंत अंग ताठ झालं होतं. पेटीत डोकं गेलं, तर मागचे पाय आणि शेपूट बाहेर.

"म्हणजे जिवंतपणीच माप घेतलंत?" आजी दारातून म्हणाली. "कळलं असणार तिला. मुद्दाम पाय लांब केलेत बघा!"

"अगं, झोपली होती तेव्हा..."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे माणसंही पाळत नाहीत. मांजर कशी पाळणार!"

आजोबांनी पाय हलकेच दुमडून पाहिले. दुमडेनात.

"नका ना, आजोबा," नात रडकुंडीला आली. "तुम्ही ऐसपैस म्हणाला होतात."

घरातलं लाकूड पेटीत संपलेलं. रविवारची वखार बंद. ऊन तर चढत चाललेलं. आजोबा डोकं खाजवत कामाच्या खोलीत गेले आणि करवतींच्या खणापुढे थांबले. शिकाऊ असताना केलेलं ते पहिलं काम, एकही खिळा न मारता सांधलेलं. राणीसरकार घरात आल्यापासून तो खण कधी पुरता बंद झाला नव्हता. शेपूट चिमटेल म्हणून. करवती बिचाऱ्या भिंतीवर लटकत होत्या.

आजोबांनी त्यावरून दोनदा हात फिरवला. मग खण ओढून बाहेर आणला.

आजीचे डोळे विस्फारले. "हा? मी शिवणाच्या सामानाला मागितला, तर आठ दिवस अबोला धरला होतात!"

"तू कुठे त्यात झोपणार होतीस?"

राणीसरकार मावली. वर चार बोटं जागा उरली. नातीने ती स्वतःच्या बोटांनी मोजली, डोळे पुसले आणि म्हणाली, "हं. आता ऐसपैस." तिघांनी मिळून खण झाडाखाली पुरला.

पंधरा दिवसांनी आजोबांनी नवा खण केला. कपाटात सरकवला आणि चार बोटं बाहेर असतानाच हात काढून घेतला. आखूड पेटीत दोऱ्याची रिळं भरता भरता आजी म्हणाली, "ढकला की पुरता. आता कोणाची शेपूट चिमटणार आहे?"

"जात नाही. लाकूड फुगलंय."

"भर उन्हाळ्यात?" आजीने विचारलं. आणि सुईत दोरा ओवायला लागली.