उष्टी वाइन

सुनीतीचं नाक फार तिखट. पुण्यात असताना ती दुधाच्या कारखान्यात माल तपासायची, आणि कुठलं दूध संध्याकाळपर्यंत टिकणार नाही हे कागदावर यायच्या आधी तिच्या कपाळावर उमटायचं. ऑकलंडला आल्यावर तिने ईस्ट टामाकीत रवींद्रकडे नोकरी धरली. रवींद्र कोथरूडचा. आयटी सोडून त्याने गोदाम घेतलं होतं आणि बाहेरून वाइन, लोणची, तेलं मागवून तो दुकानांना पुरवायचा. माणूस गप्पिष्ट, हसतमुख, कुणाच्याही घरी सत्यनारायण असो की बार्बेक्यू, पहिला हजर. आलेला माल चाखून, हुंगून, बरा की वाईट ते सांगायचं हे सुनीतीचं काम. फ्लॅट बुशच्या घरातून गाडीने वीस मिनिटांत पोचायचं, दुपारी डबा खायचा, वेळेवर परत. तिला ही नोकरी आवडायची.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये रवींद्रने कोशर, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांप्रमाणे केलेल्या, वाइन मागवल्या. शहरातल्या ज्यू लोकांना सणासुदीला कोशर वाइन लागते आणि जी मिळते ती भलती महाग, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याने स्वस्तातल्या तीन निवडल्या. एक काळ्या द्राक्षांची गोड लाल, एक किंचित गोड पांढरी आणि एक कोरडी लाल. माल आला त्याच आठवड्यात गोदामाच्या दारात एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. अंगावर फुलाफुलांचा झगा, त्यावर लोकरी स्वेटर, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. "किया ओरा" असा माओरी नमस्कार केला, आणि सुनीतीच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहून लगेच म्हणाली, "मराठी ना तू?"

त्या मिल्काबाई पेणकर. जन्म रेवदंड्याचा, सगळी नोकरी ठाण्यात, आता अल्बनीला लेकीकडे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. "आमचे आजे-पणजे तेलाचे घाणे चालवायचे," त्या म्हणाल्या, "आणि शनिवारी बंद ठेवायचे. बाकी सगळं तुमच्यासारखंच." सुनीतीने त्यांना तिथल्या तिथे मावशी करून टाकलं.

रवींद्रला तर घबाडच सापडलं. सप्टेंबरात ज्यूंचं नवं वर्ष, ज्याला मावशी नव्याचा सण म्हणायच्या. त्याच्या आधी एक संध्याकाळ हॉल घ्यायचा, स्वस्त कोशर वाइन आणि कशाबरोबर कुठली प्यायची ते लोकांना दाखवायचं. स्वयंपाक मावशींचा, वाइन त्याची. मावशी तयार झाल्या, फक्त एक गोष्ट त्यांनी आधी स्पष्ट केली.

"सुनीती, राग मानू नकोस. पण कोशर वाइन बाटलीतून ओतायची तर आमच्यातल्याच माणसाने. दुसऱ्याचा हात लागला की ती आम्हाला चालत नाही."

"म्हणजे मी ओतली तर बाटणार?"

"उकळून केलेली असेल तर नाही बाटत. ती कुणीही ओतावी. बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. तुम्ही मागवल्यात त्या तिन्ही उकळलेल्याच आहेत, मी आधी तेच पाहिलं."

सुनीतीला ते झोंबलं. सासूबाईंचं सोवळं तिने बारा वर्षं काढलं होतं. पाण्याच्या पिंपाला हात लागला म्हणून पिंप रिकामं होताना पाहिलं होतं. ते सगळं मागे टाकून ती इतक्या लांब आली, आणि इथे मराठी बोलणारी मावशी भेटली ती असली. घरी येऊन तिने नवऱ्याला, शुभंकरला, सांगितलं. तो म्हणाला, "सोडून दे. त्यांचा देव, त्यांची बाटली."

पण रविवारी अल्बनीला मावशींच्या स्वयंपाकघरात तिचा राग टिकला नाही. मावशींनी खवल्यांचा मासा म्हणून स्नॅपर आणला होता, आणि हिरव्या वाटणात, नारळाच्या दुधात तो शिजत होता. बिनखवल्यांचा मासा त्यांना चालत नाही, आणि मटणाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून सगळीकडे नारळ. सुनीतीने माशाबरोबर पांढरी वाइन घेतली आणि तिचं नाक खूश झालं. वाटणातली कोथिंबीर वाइनमुळे वर आली, मिरचीची धार बोथट झाली. कोरडी लाल नुसती प्यायली तर तोंड आवळायची, पण चिंच घातलेल्या मटणाबरोबर ती माणसात आली. गोड लाल मात्र कशाशीच जमेना.

"ती जेवणाची नाहीच," मावशी म्हणाल्या. "ती प्रार्थनेची. आणि ह्याची." त्यांनी चिकाच्या हलव्याची वडी पुढे केली. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर. वडी तोंडात विरघळली, वर गोड वाइनचा घोट, आणि सुनीतीला एकदम जांभळं खाल्ल्यासारखं वाटलं. दोघी हसल्या. तिने हे सगळं लक्षात ठेवलं आणि हॉलमध्ये लोकांना तसंच सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी हॉल भरला. सिनेगॉगमधले, म्हणजे त्यांच्या देवळातले, ज्यू लोक आले, तसे नुसते खायला आलेले पुणेकरही आले. मावशींच्या हलव्याभोवती गर्दी झाली. जेवणात कशाशीच न जमणारी गोड लाल वाइन, तिचीच सगळ्यात जास्त मागणी झाली. सणासाठी पेट्याच्या पेट्या सांगून लोक घरी गेले. टेबलांवर अर्धे, पाव, तळाशी थोडी उरलेले ग्लास राहिले. सुनीती ते धुवायला नेणार तेवढ्यात रवींद्र म्हणाला, "तू जा गं, दमलीस. मी आवरतो." त्याच्या ह्या भलेपणाचं तिला कौतुक वाटलं.

त्यानंतरच्या सोमवारी ती नेहमीपेक्षा लवकर गोदामात गेली. मागच्या खोलीत दिवा होता. आत रवींद्र स्टुलावर बसला होता. समोर प्लास्टिकची बादली, बादलीवर चहाची गाळणी, शेजारी स्वयंपाकाच्या वाइनचा पुठ्ठ्याचा खोका नळ सोडून ठेवलेला. तो हॉलमधल्या ग्लासांपैकी एकेक उचलून गाळणीत पालथा करत होता. ग्लास पेटीत तसेच झाकून आणले होते त्याने, न धुता, चार दिवस. गाळणीत बिस्किटाचा भिजलेला लगदा साचला होता, एक माशाचा काटा होता. त्याच्या हातातल्या ग्लासाच्या कडेला गडद तपकिरी लिपस्टिकचा ओठ उमटलेला होता, अर्धा, वाळलेला. त्या ओठावरून वाइन वाहत बादलीत गेली.

वास तिला दारातच लागला होता. आंबलेली द्राक्षं, शिळी लाळ, त्यात कोथिंबिरीच्या वाटणाचा कुजका तेलकटपणा. आत पाऊल टाकल्यावर तो जिभेवरच बसला.

"हे काय करतोयस?"

रवींद्र दचकला नाही. "अगं, गोड लाल कमी पडतेय. दुसरा कंटेनर यायला महिना. खोक्यातली नुसती घातली तर चव लागत नाही, म्हणून थोडी खरीखुरी पाहिजे ना." त्याने शेजारच्या रिकाम्या बाटल्या दाखवल्या. त्यावरचे कोशरचे शिक्के शाबूत होते. "बुचं नवी मिळतात. वरचं प्लास्टिक गरम हवेने बसतं. कुणाला कळणार नाही."

"हे लोकांचं उष्टं आहे, रवींद्र."

"अल्कोहोल आहे गं त्यात. जंतू मरतात." तो हसला. तेच हसू, जे तो सत्यनारायणाच्या प्रसादाला ओंजळ पुढे करताना हसायचा. "आणि त्यांचा देव काय लॅबला सॅम्पल पाठवणार आहे का? आपल्या हाताने बाटते म्हणतात ना, मग बाटू दे की. तुलाच राग आला होता त्याचा."

तिचा राग त्याने कुठून ऐकला होता कोण जाणे, शुभंकरने पार्टीत सांगितला असेल. पण तो राग उचलून त्याने ह्या बादलीत घातला होता, हे तिला त्या काट्यापेक्षा घाण वाटलं. ती बाहेर गेली आणि गोदामाच्या गटाराशी ओकली. तोंड पुसून परत आली.

"कुणाकुणाला गेल्यात ह्यातल्या?"

"शुक्रवारी एक ट्रायल केली. थोड्याच. मावशींना दोन पाठवल्या भेट म्हणून." तो अजून ग्लास पालथे करत होता. "चाखून सांगितलं त्यांनी, छान आहे म्हणून."

तिने गाळणीखालची बादली उचलली आणि सगळी फरशीवर ओतली. रवींद्र शिव्या देत उठला. ती गाडीत बसली आणि मोटरवेने अल्बनीला निघाली. पूल ओलांडताना तिच्या लक्षात आलं की बादलीतले शिंतोडे तिच्या सँडलवर आहेत. बसस्थानकाजवळ गाडी थांबवून तिने दोन्ही सँडल कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि मावशींच्या दारी अनवाणी गेली.

मावशी मटार सोलत होत्या. सुनीतीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काटा सांगितला नाही, लिपस्टिक सांगितली. मावशींचे हात हळूहळू थांबले.

"शुक्रवारी रात्री तीच होती," त्या म्हणाल्या. "शब्बाथची, शनिवार सुरू होताना म्हणतो त्या प्रार्थनेची. आम्ही एकाच पेल्यातून सगळे घेतो. मी आधी, मग जावई, लेक, शेवटी दोघं नातवंडं. धाकटी म्हणाली, नानी, धिस टेस्ट्स लाइक फिश. मी तिला दटावलं, म्हटलं देवाच्या पेल्याला नावं ठेवू नये."

सुनीती पुढे झाली. "मावशी, त्याने कोशरचं सगळं..."

"कोशर राहू दे बाजूला." मावशी उठल्या, बेसिनशी गेल्या, पाण्याने चूळ भरली, पुन्हा भरली, बोट घालून जीभ घासली. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कोशर मोडलं तर मी देवाशी बोलेन, तो मला ओळखतो. पण कुणाचं उष्टं पाजलं मी पोरांना, ते सांग. त्या बाईचं नाव तरी माहीत आहे का?"

उरलेली बाटली त्यांनी फ्रिजमधून काढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सुनीतीच्या हातात दिली. "ओतू नको. पुरावा लागेल."

तिने ती सरकारच्या अन्नखात्याकडे नेऊन दिली आणि जे पाहिलं ते लिहून दिलं. मावशींनी देवळातल्या लोकांना फोन केले. बाटल्या परत आल्या. तपासाला माणसं आली, गोदामाला काही काळ कुलूप लागलं, कोर्टात रवींद्रला दंड झाला. त्याने सगळ्यांना एक ईमेल पाठवली की लेबल लावताना गोंधळ झाला, दिलगीर आहे. उष्ट्याचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता. पुणेकरांच्या व्हॉट्सॲपवर लोकांनी लिहिलं की आपल्याच माणसाला कोर्टात ओढायची काय गरज होती, आपसात मिटवता आलं असतं. सुनीतीने तो गट सोडला. नोकरी तर त्या सकाळीच सुटली होती.

नव्याच्या सणाला मावशींनी तिला बोलावलं. बाजारची कुठलीच वाइन त्यांनी घेतली नव्हती. काळे मनुके रात्रभर भिजवून, कुस्करून, स्वच्छ फडक्यातून गाळून त्यांनी शरबत केलं होतं. "रेवदंड्याला कुठली आलीय वाइन," त्या म्हणाल्या. "आमच्या सगळ्या पिढ्या ह्याच्यावरच झाल्या." प्रार्थना झाली, पेला घरातल्या माणसांत फिरला. धाकट्या नातीने आत नीट वाकून पाहिलं, हुंगलं आणि मग प्यायली. पेला सुनीतीसमोर आला तेव्हा त्याच्या कडेला पाचजणांच्या ओठांची ओल होती. माया होती तिला त्या सगळ्यांची, तरी तिने पेला उचलला नाही. मावशींनी तिच्याकडे पाहिलं, पेला काढून घेतला आणि वेगळ्या वाटीत शरबत ओतून दिलं. हलवा मात्र तिने पोटभर खाल्ला.

दिवाळीच्या कार्यक्रमाला ती शुभंकरच्या आग्रहाने गेली. हॉलच्या बाहेर रवींद्रचा स्टॉल होता, मधाचा. नवा धंदा. त्याच्या भोवती माणसं होती, हसत होती. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारत होतं. लहान लाकडी चमच्यांवर तो सगळ्यांना मध चाखायला देत होता, आणि वापरलेले चमचे त्याच्याच हातात परत येत होते.

"सुनीती, ये ना," त्याने हाक मारली, अगदी काही झालंच नसल्यासारखी. "झालं गेलं सोड गं. चाखून सांग, तुझ्या नाकाला मानतो आपण."

तिने उत्तर दिलं नाही. पण शुभंकरने सवयीने हात पुढे केला होता, आणि चमचा जवळजवळ ओठांपर्यंत आला होता. तिने त्याचं मनगट धरलं आणि चमचा जमिनीवर पाडला.

"काय करतेस, लोक बघतायत," तो पुटपुटला.

"बघू देत," ती म्हणाली. मग आत जाऊन तिने साबणाने हात धुतले, आणि शुभंकरलाही धुवायला लावले.