येरमाळ्याच्या गाडीतले दहा गुण

देशमाने सरांनी अकाउंटिंगच्या वर्गात बोलणाऱ्यांसाठी दहा गुण ठेवले, तेव्हाच अयोध्यानं त्यांवर पाणी सोडलं. सरांसमोर तिची दातखीळच बसायची. संध्याकाळी धाराशिवच्या कॉलेजातून घरी जाताना येरमाळ्याच्या एसटीत मात्र वर्गातल्या करिश्मानं तिला विचारलं, "घसारा म्हंजी काय गं?"

"ही एसटीच बघ की! दरसाल झिजती, तेवढी तिची किंमत कमी धरायची."

"आन् माझा घसारा कोण धरणार?" कंडक्टर म्हणाला. गाडीत हशा पिकला. मागच्या सीटवर देशमाने सरही हसत होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात अयोध्याला दहापैकी दहा दिले.

"सर, मी तर कधी बोललेच न्हाय," ती पुटपुटली.

"काल गाडीत लई बोललीस की!"

त्या संध्याकाळी येरमाळ्याच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. धाराशिवातच घर असलेली पोरंसुद्धा तिकीट काढून, माना मागं वळवत, मोठमोठ्यानं एकमेकांना घसारा समजावत होती.