कात्री लागलेला रुमाल

मी एक जुना जाळीचा रुमाल आहे, आणि आधीच सांगतो, मला हात लावणाऱ्या माणसावर माझा चटकन विश्वास बसत नाही. माझ्या मधोमध एक बुजवलेलं भोक आहे. त्याची गोष्ट ऐकलीत तर तुम्ही मला दोष देणार नाही.

मित्रांनो, माझा जन्म ग्युमरी गावातला. सातेनिक नावाच्या बाईनं मला नुसत्या सुईदोऱ्यानं विणलं. एक फास, एक गाठ. पुन्हा फास, पुन्हा गाठ. विणताना ती उपासनेतली पदं गुणगुणायची आणि ओळ संपली की गाठ आवळायची. तळहाताएवढा होईपर्यंत माझी सगळी पदं पाठ झाली होती.

आमच्या गावात जाळीवर कुणी आपलं नाव घालत नाही. हाताची खोड जाळीत उतरते आणि बायका तिच्यावरूनच विणणारी ओळखतात. हेर्मिनेच्या गाठी गरजेपेक्षा घट्ट. सातेनिकच्या दर फेऱ्यात एक फास ढिला, झोपाळ्यासारखा लोंबणारा. त्या फासाचं सगळ्यांना कौतुक होतं. माझ्यात मात्र तो फास नव्हता, आणि इथंच सगळं बिनसलं.

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस होते. ईस्टरला वेदीवर नवं आच्छादन चढतं. त्याची जाळीची किनार विणण्याचा मान सातेनिकच्या घरात तीन पिढ्या होता. नमुना म्हणून तिनं मला चर्चच्या अंगणात मेजावर मांडलं. शेजारच्या मेजावर हेर्मिने, चाळीस वर्षं तिच्या शेजारी राहणारी. तिनं मला उचललं, उन्हाकडे धरलं, उलटं केलं, नखानं टोकरलं.

"छान आहे," ती म्हणाली. "फारच छान आहे."

त्या 'फारच'नं माझ्या अंगावर काटा आला.

दुपारपर्यंत कुजबुज अंगणभर झाली. गेल्या महिन्यात सातेनिक कुणाला न सांगता चार दिवस राजधानीत, येरेवानला गेली होती, आणि परतली ती फुगलेली पिशवी घेऊन. शहरात यंत्राच्या जाळ्या ढिगानं मिळतात. मग पिशवीत दुसरं काय असणार?

"मी काही म्हणत नाही हं, सातेनिक जान," मेणबत्त्या विकणारी वार्दुही म्हणाली. "पण साठीनंतर हात सुधारलेला मी पहिल्यांदाच बघतेय. माझा तर चमचासुद्धा थरथरतो."

"तुझा चमचा लग्नातही थरथरत होता."

"असू दे. येरेवानला काय होतं गं?"

"काम होतं."

"कसलं?"

"माझं."

एवढ्यानं कुणाचं समाधान होणार? मी यंत्राचा ठरलो असतो, तर वेदीचं काम त्या घरातून कायमचं गेलं असतं. आणि खरं सांगू? मीही सातेनिककडे संशयानं पाहू लागलो. आपला जन्म कुणाला नीट आठवतो? लोक इतक्यांदा 'यंत्र, यंत्र' म्हणाले की मला वाटू लागलं, ती पदं मी नंतर कुठंतरी ऐकली असतील.

रविवारी उपासना संपल्यावर फादर मेस्रोप आमच्या मेजापाशी आले. एरवी ते प्रवचन अर्धं बोलून आणि अर्धं गाऊन करायचे, आणि गाऊ लागले की आम्हा जाळ्यांचेसुद्धा धागे शहारायचे. त्या दिवशी ते नुसतं बोलले.

"मला जाळीतलं काही कळत नाही. खरंखोटं कसं ओळखायचं ते तुम्हीच सांगा."

"कापून," हेर्मिने म्हणाली.

खोटं नव्हतं ते. यंत्राच्या जाळीचा एक धागा कापून ओढला की ती उसवत जाते. आमच्याकडे मात्र प्रत्येक फास आपल्या गाठीवर उभा असतो. एक गेला तरी शेजारचा हलत नाही.

सातेनिकनं मला पसरलं आणि कात्री हेर्मिनेपुढे सरकवली. "तूच काप. मी कापलं तर म्हणशील, जागा बघून कापलं."

"कुठं कापू?"

"मधोमध. तिथूनच सुरू केला होता."

गार पातं टेकलं. कच्. हेर्मिनेनं सुटलेलं टोक चिमटीत धरून ओढलं. पुन्हा ओढलं. मला दुखलं, पण एकही गाठ हलली नाही. त्या क्षणी ती सगळी पदं मला पुन्हा आपली वाटली.

हेर्मिनेनं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "मग तो ढिला फास गेला कुठं?"

"मोतीबिंदूबरोबर गेला," सातेनिक म्हणाली. "बारा वर्षं अंदाजानं विणत होते. तुम्ही वाखाणायचात तो फास मला दिसायचाच नाही. सांगितलं असतं, तर वेदीचं काम ठेवलं असतंत माझ्याकडे? तरुणपणी मी अशीच विणायचे. आठव जरा."

हेर्मिनेला आठवलं असावं. तिनं मान खाली घातली. "आणि पिशवी?"

"डोळ्यांच्या औषधाच्या बाटल्या. आणि बहिणीनं दिलेले जर्दाळू. निम्मे तूच खाल्लेस."

हेर्मिनेनं कॉलरला टोचलेली सुई काढली आणि तिथंच मला सांधायला बसली. तिच्या गाठी घट्टच. थंडीत अजून ओढ बसते.

ईस्टरला सातेनिकची किनार वेदीवर चढली. पुढच्या रविवारी फादरनी पुन्हा उठलेल्या प्रभूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या शिष्याची गोष्ट गाऊन सांगितली. हेर्मिनेची मान वर येईना. सातेनिकनं तिला कोपरानं ढोसलं. "पुरे आता. मान आखडेल."

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं कॉफीच्या भांड्याखाली काढली. डाग पडले, विसर पडला, खोक्यात पडून राहिलो. दोघी आता नाहीत. मला बघणारी माणसं म्हणतात, ही दोन वेगवेगळ्या हातांची जाळी दिसते.

मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुमच्या घरी असेल, तर गार पाण्यात धुवा, पिळू नका. कात्रीचा आवाज आला की मी अजून अंग चोरतो. मी खरा आहे हे कात्रीनं सिद्ध केलं, ते मला मान्य आहे. पण ती उचलण्याआधी चाळीस वर्षं शेजारी राहिलेल्या हेर्मिनेनं एकदा विचारायला हवं होतं, "सातेनिक, तुझे डोळे बरे आहेत ना गं?"