सगळ्यांचा गेलेला कुत्रा

मी फोटो नाही. फोटो निघण्याआधीची काच आहे, निगेटिव्ह म्हणतात ती. पंजाएवढा माझा आकार, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, पण या गावातल्या पुष्कळ घरांत माझ्यातला पांढरट धूर फ्रेम करून टांगलेला आहे. कुणी त्याला आपला गेलेला कुत्रा म्हणतं, कुणी आपली मांजर. काही जण रोज सकाळी त्याच्याशी बोलतात म्हणे. मी मात्र त्यांच्यातल्या कुणालाच ओळखत नाही. आता फार दमले आहे, म्हणून एकदा सांगून टाकते.

चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. मालकांना सगळे 'हलूनका' म्हणतात, कारण गिऱ्हाईक खुर्चीला टेकायच्या आत त्यांचं 'हलू नका, हलू नका' सुरू होतं. एकदा एका कुटुंबाचा फोटो काढताना त्यांनी सगळ्यांना बजावलं. माणसं हलली नाहीत. पुढ्यात बसवलेला पांढरा कुत्रा तेवढा हलला. माझ्यावर सगळे नीट उमटले आणि कुत्र्याच्या जागी नुसता एक धुरासारखा लोट उमटला. दोन कानांची टोकं आणि नाकासारखं काहीतरी, इतकंच त्यात कळत होतं. हलूनकांनी दुसऱ्या काचेवर फोटो पुन्हा काढला आणि मला फळीवर टाकलं.

त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणतात. त्या तेव्हा निगेटिव्हवर ब्लेड चालवून डाग काढायला शिकत होत्या. हात बसावा म्हणून त्यांनी मला घेतलं आणि माझ्यावरची माणसं एकेक करून खरवडून काढली. आजोबा गेले, सून गेली, खुर्च्या गेल्या. कुत्र्यापाशी आल्या आणि जेवायची वेळ झाली. तो राहिला तो राहिलाच.

पुढची चूक हलूनकांची. एका बाईंची मांजर नुकतीच गेली होती. त्यांचा साधा फोटो छापताना घाईत मी त्यांच्या काचेला चिकटून गेले. काचेवरचं काळं कागदावर पांढरं उतरतं. बाईंच्या गुडघ्यापाशी पांढरा धूर उतरला. हलूनका माफी मागायला तोंड उघडणार, तोच त्या फोटो छातीशी धरून रडायला लागल्या. "आली हो ती. सांगून गेली नव्हती ना." हलूनका म्हणाले, "अहो बाई, हे म्हणजे काय झालं..." पण बाई ऐकत नव्हत्या. त्यानंतर ते वाक्य त्यांनी कधीच पुरं केलं नाही.

मग लोक येतच राहिले. दुःखी माणसांना पत्ता विचारावा लागत नाही. कुत्रा मोठा असेल तर मला मोठं करून छापायचं, मांजर असेल तर नाकावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा. एकदा मी ससा झाले. एकदा पोपटसुद्धा. "पंख पसरलेत बघा," असं पोपटाचे मालक सगळ्या खोलीला दाखवत होते. वहिनी तेव्हा पडद्यामागे जाऊन तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मग बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

फोटो हातात देताना हलूनका दर वेळी एकच म्हणत, "शांत दिसतोय." माणसं मान हलवत. मला वाटे, यांना शांत काय दिसतं? मी तर हललेली आहे.

एक दिवस शिवणाच्या बाई आल्या, सोबत त्यांचा धाकटा भाऊ. बाई घरी शिवणाचे वर्ग घेत. त्यांचा तपकिरी कुत्रा बटण पाच आठवड्यांपासून बेपत्ता होता. भावाच्या हातून फाटक उघडं राहिलं होतं. तेव्हापासून बाई रोज दुपारी शिवणाचा वर्ग सुटला की बटणांचा डबा खुळखुळवत रस्तोरस्ती फिरत. त्या आवाजाला तो कुठूनही धावत येई म्हणून. गल्लीतली पोरं त्यांना बघून हसत. पाय सुजून जोड्यांत मावेनात, तेव्हा त्यांनी जोड्यांना मागून कात्री लावली आणि पुन्हा फिरायला लागल्या.

बाई खुर्चीवर बसून केस नीट करत होत्या, तेव्हा भाऊ हलूनकांना बाजूला घेऊन म्हणाला, "येऊ द्या त्याला फोटोत."

"गेलाय नक्की?"

"पाच आठवडे झाले. अजून काय असणार? डॉक्टर म्हणाले, ताई अशीच चालत राहिली तर पाय जाईल. फोटोत आला की ती घरी बसेल. फाटक माझ्याकडून राहिलं हो. मला तिचे पाय बघवत नाहीत."

वहिनींनी ऐकलं होतं. मला आणायला हलूनका आत आले, तशा त्या म्हणाल्या, "अहो, आजवर आपण गेलेल्यांचे काढले. हा गेलाय हे कुणी पाहिलं?"

"भाऊ सांगतोय ना."

"भाऊ सांगतोय म्हणून कुत्रा मरतो होय?"

हलूनकांनी मला उचललं आणि पुसलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की निसटून फरशीवर पडावं. पण काचेच्या हातात पडणंही नसतं.

चार दिवसांनी बाईंनी फोटो पाहिला. रडल्या नाहीत. उजेडाकडे धरला, जवळ आणला, लांब नेला. "म्हणजे तो गेला," इतकंच म्हणाल्या. हलूनकांनी आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. बाईंनी फोटो पिशवीत ठेवला आणि जिना एकेक पायरी धरून उतरल्या. पुढे भाऊ एकदा सांगून गेला की ताई आता घरीच असते, पाय बरे आहेत. हे सांगताना त्याला हलकं वाटत होतं.

नऊ आठवडे गेले. हलूनका नदीपलीकडच्या लाकडाच्या वखारीत कामगारांच्या ओळखपत्रांसाठी फोटो काढायला गेले होते. परत आले ते कॅमेऱ्याची पेटी दारातच ठेवून खाली बसले. टेबलावर, भावानं नमुन्यासाठी दिलेला बटणाचा जुना फोटो अजून टाचणीला होता, एक कान मोडलेला, गळ्यातल्या पट्ट्याला मोठं लाल बटण शिवलेलं. ते त्याच्याकडेच बघत राहिले.

"तो तिथे आहे," ते म्हणाले. "वखारीच्या वॉचमनकडे. वॉचमन त्याला पाहुणा म्हणतो."

वहिनींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "मग?"

"मग काय. त्याला नेऊन दिलं तर गाव म्हणेल, हा जिवंत जनावरांचे आत्मे काढतो. आजवरचे सगळे फोटो घेऊन दारात उभे राहतील."

"राहू देत."

"तुला बोलायला काय जातं. मजेत आहे तो तिथे. आणि बाईही सावरल्यात आता."

"सावरल्या नाहीत, थांबल्यात," वहिनी म्हणाल्या. "आपण थांबवलंय त्यांना. आपण नसतो तर एव्हाना त्या चालत चालत वखारीपर्यंत पोचल्या असत्या."

हलूनका मग उठले, टाचणी काढून तो जुना फोटो वॉचमनला दाखवायला खिशात घातला आणि पुन्हा जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी बाईंना निरोप गेला, जरा येऊन जा. भाऊही सोबत आला. बटण पडद्यामागे होता. वहिनींनी पडदा सरकवला तसा तो बाहेर आला, खोलीच्या मध्यावर थांबला आणि शेपटी हलवायला लागला.

मला वाटलं होतं, बाई धावतील. त्या खुर्चीवरून उठल्याच नाहीत. हात मांडीवर घट्ट धरून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग भावाला अगदी हळू विचारलं, "अरे, तुलाही दिसतोय का?"

भाऊ खुर्चीपाशी खाली बसला. "दिसतोय, ताई," तो म्हणाला. "मलाही दिसतोय."

तोवर बटणच त्यांच्या अंगावर चढला. वखारीचा भुसा त्यांच्या कपड्यांवर पडला. बाईंनी तो मोडका कान बोटांत धरून पाहिला, मग पट्ट्याचं बटण ओढून पाहिलं, दोरा सैल झाला होता. कितीतरी वेळानं त्यांनी हलूनकांकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"नऊ आठवडे मी घरी बसून होते," त्या म्हणाल्या.

हलूनकांनी मान खाली घातली. भावानंही. मग भाऊ दाराकडे गेला आणि बाई कुत्र्याला घेऊन बाहेर पडेपर्यंत दार दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

बातमी गावभर झाली. काही जण फोटो परत करून गेले, काहींनी नको नको ते ऐकवलं. वहिनी सगळ्यांना पाणी देत होत्या आणि ऐकून घेत होत्या. शेवटी एक म्हातारे गृहस्थ आले. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "माझा तरी खरा आहे ना हो?" हलूनकांनी तोंड उघडलं, पण यावेळीही वाक्य पुरं होईना. वहिनींनी मला उजेडावर धरलं. गृहस्थांनी चष्मा पुसला, पाहिलं, आणि ओळखलं. मग ते जिना उतरून गेले. फोटो परत आणून दिला नाही.

आता मी कपाटाच्या खणात असते. मला कुणी वापरत नाही आणि फोडतही नाही. फोडलं तरी काय होणार? भिंतींवरची मी तिथेच राहणार. इतक्या लोकांची माया मी घेतली आणि त्यातली एकही माझी नव्हती, याचा शीण काचेला पुसता येत नाही.

म्हणून एवढंच मागते. तुमच्या घरात मी असेन आणि तुमचा मुका सोबती तुमच्या हातांत गेला असेल, तर मला राहू द्या किंवा काढा, तुमची मर्जी. बोलायचं तर त्याच्याशी बोला, माझ्याशी नको. पण त्याला जाताना तुम्ही स्वतः पाहिलं नसेल, कुणीतरी नुसतं सांगितलं असेल, तर माझ्यासमोर बसून राहू नका. पायांत जोडे घाला आणि बाहेर पडा.